चालू कॉम्प्युटर भंगारात घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पोराला सोडायला गेलो तर व्हरांड्यात नऊ कॉम्प्युटर रचून ठेवलेले आणि भंगारवाला काटा घेऊन बसलेला. सरांना विचारलं तर म्हणाले विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ यावर चढत नाही, ठेवून काय करायचं. मी एकाला वायर लावून बटण दाबलं, फॅन फिरला, स्क्रीन आली! नुसती धूळ होती बघा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतंय, म्हणजे मशीन बिघडलंय असं नाही, नियमात बसत नाही एवढंच.

मी रिपेरीचं काम करतो, म्हणून दोन रविवार बसून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घातली, ती फुकट आहे आणि अपडेट पण येत राहतात. ४ जीबी रॅमवर चालतंय, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) लावली की आणखी पळतंय. मराठी टायपिंग होतंय म्हटल्यावर पोरांनी पहिल्यांदा आपापली नावं टाईप केली, एकीनं तर आजीचं पण केलं.

लॅपटॉपचं बघाल तर बहुतेक प्रदूषण तो फॅक्टरीत बनतानाच होऊन गेलेलं असतं, म्हणून आहे तोच चार वर्षं जास्त वापरणं हेच मोठं काम. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा (टाकून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू) झाला आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला तो २२.३ टक्केच. बाकीचा कुठं जातोय ते आमच्याकडं संध्याकाळी नाल्याकाठी दिसतंय, तांब्यासाठी वायरी जाळतात, पीव्हीसी जळून डायॉक्सिनसारखं विष निघतंय आणि लगेच पलीकडं भाताचं शिवार. जाळणाऱ्या पोरांना दोष देऊन काय उपयोग, पोटासाठी करतात ती.

बेळगाव, निपाणीकडच्या पतसंस्था, सोसायट्या, ऑफिसं कॉम्प्युटर बदलणार असतील तर डेटा नीट पुसून जवळच्या शाळेला द्या, मराठी असो कन्नड असो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, कंपन्यांवर रिसायकलिंगची जबाबदारी आहे, पण गावातल्या माणसानं नेऊन द्यायचं कुठं?

त्या नऊपैकी दोन चालू झालेच नाहीत, त्यांची रॅम बाकीच्यात घातली. बोर्ड पोत्यात बांधून माझ्या घरी आहेत, भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही. पंचायतीनं ई-कचरा गोळा करायला महिन्यातून एक दिवस ठरवून द्यावा, मी स्वतः पोतं घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका