नवव्या शतकाचे स्वार मागवले, अकराव्या शतकाचे आले

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : '२८ मिमी कॅरोलिंजियन जड घोडदळ, १२ स्वार' या संचात भलताच माल मिळाल्याबद्दल व छपाईतील दोषाबद्दल.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील संच मागवला, म्हणजे टेबलावर लढाया खेळण्यासाठी रेझिनमध्ये (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेत) थ्रीडी प्रिंटरने छापलेले छोटे घोडेस्वार. ऑर्डर क्रमांक आणि बिल सोबत जोडलं आहे. उत्पादनाच्या वर्णनात 'इ.स. ८०० ते ९००, शार्लमेन आणि त्याच्या वारसांचे स्वार' असं स्पष्ट लिहिलं आहे. डबीवरचं लेबलही तेच सांगतं. (शार्लमेन हा पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांचा सम्राट, आणि कॅरोलिंजियन हे त्याचं घराणं.) आत निघाले ते मात्र नॉर्मन, म्हणजे अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणारे उत्तर फ्रान्समधले स्वार.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने 'दोन्ही मध्ययुगीनच आहेत ना सर' असं उत्तर दिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाराही स्वारांच्या हातात वर गोल आणि खाली निमुळती होत नडगीपर्यंत येणारी लांब ढाल आहे. ही ढाल १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईतली. ती लढाई दाखवणाऱ्या, फ्रान्समधल्या बायो इथल्या सुमारे ७० मीटर लांब भरतकामात नॉर्मन स्वारांच्या हातात ती रांगेने दिसते. नवव्या शतकातल्या फ्रँक स्वाराची ढाल गोल, थोडी खोलगट, मध्ये लोखंडी उंचवटा असलेली. स्टुटगार्टच्या आणि सेंट गॅलनच्या सचित्र स्तोत्रसंग्रहांत ती बघायला मिळते. भाल्याचंही तेच. फ्रँक भाल्याच्या पात्याखाली दोन बाजूंना लोखंडी पंख असतात, आपल्या भाल्यांना ते नाहीत. नाकावर पट्टी असलेली शंकूच्या आकाराची शिरस्त्राणं एक वेळ चालवून घेतली असती. चिलखताबद्दल माझं काही म्हणणं नाही. ८०५ च्या शार्लमेनच्या आदेशातच बारा मान्सी (त्या काळचं शेतजमिनीचं माप) जमीन बाळगणाऱ्याने चिलखत घालून हजर व्हावं असं आहे, आणि आपल्या मूर्तिकाराने कड्या सुरेख कोरल्या आहेत. पण ढाल आणि डावा हात एकसंध छापलेला असल्यामुळे नुसती ढाल बदलायची सोय नाही. ती कापायची तर लगाम धरलेली बोटंही जातात.

हा फरक कुणाला कळतो, असं आपल्याला वाटत असेल, तर खेळणाऱ्याला तो टेबलाच्या पलीकडूनही कळतो. आमच्या गटाला ८५१ ची जेंगलंडची लढाई खेळायची आहे. एकीकडे पश्चिम फ्रँकांचा राजा टकल्या चार्ल्स, दुसरीकडे ब्रिटनीचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या वायव्य टोकाचा, शासक एरिस्पो. ब्रिटनीचे ब्रेटन स्वार हलके, लांबून फेकभाले टाकायचे, पळाल्यासारखं दाखवायचे आणि उलटून यायचे. चार्ल्सचे स्वार जड, दाट फळी धरून चालणारे. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला त्यात कुणाची सरशी झाली हे सांगायला नको. चार्ल्स रात्रीतून छावणी सोडून निघून गेला. खेळाची सगळी गंमत या दोन घोडदळांच्या फरकात आहे. माझ्या मित्राचे ब्रेटन रंगवून तयार आहेत. त्यांच्यासमोर दोनशे वर्षांनंतरचे नॉर्मन कसे उभे करू?

आता छपाई. तीन घोडे मी रंगवून पाहिले. पहिला कुमाईत करायचा होता : अंग तपकिरी, आयाळ, शेपटी आणि पाय काळे. तळाचा पहिला रंग बसला, तोवर सगळं ठीक वाटत होतं. वरून पातळ गडद वॉश दिला आणि पुठ्ठ्यापासून बरगड्यांपर्यंत समांतर रेघा उमटल्या, अगदी बोटाच्या ठशासारख्या. वॉश खाचेत उतरतो, तेच त्याचं काम. खाचा मात्र स्नायूंच्या हव्यात, छपाईच्या थरांच्या नव्हेत. दुसऱ्या घोड्यावर कोरड्या ब्रशने उजळ रंग फिरवला, तर त्याच रेघा उलट वर आल्या. तिसरा पंचकल्याणी करायला घेतला होता, त्याचे पांढरे पाय सफाईदार झाले, पण पोटाखाली रेझिन अजून बोटाला चिकटतं. म्हणजे धुणं आणि अतिनील प्रकाशात वाळवणं, दोन्ही घाईत उरकलेलं दिसतं.

यावर आपलं लेखी उत्तर आलं की पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) मारल्यामुळे असं होतं. दमट हवेत स्प्रे मारला तर पृष्ठभाग रवाळ, भुकटी बसल्यासारखा होतो हे खरं. सारख्या अंतरावर समांतर रेघा त्याने पडत नाहीत. शिवाय मी स्प्रे वापरलेलाच नाही, ब्रशने लावायचा प्रायमर वापरला आहे. उरलेल्या नऊ घोड्यांना रंगाचा थेंबही लागलेला नाही आणि दिव्यासमोर तिरपे धरले की त्यांच्यावरही रेघा दिसतात. फोटो जोडले आहेत.

पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन मला नको. पहिलीच खरेदी फसल्यावर दुसरी कशाला करू? गोल ढालींचे, वर्णनाशी जुळणारे बारा स्वार नीट छापून पाठवा. ते तयार नसतील तर कुरिअरच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करा. आणि संकेतस्थळावरचं वर्णन तेवढं आजच दुरुस्त करा. नॉर्मन म्हणून विकलेत तर हाच संच घेणारे पुष्कळ भेटतील.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. मुदतीत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

माल न्यायला माणूस पाठवताना आधी फोन करावा. रंगवलेले तीन घोडे आहेत त्या स्थितीतच मिळतील, रंग खरवडून देणार नाही.

आपला,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, उत्पादनाच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट, ढालींचे व घोड्यांचे फोटो, आपल्या लेखी उत्तराची प्रत.