कुत्र्याच्या शी खाण्यावर तिखट हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव कुत्र्यांच्या शी खाण्याच्या खोडीवर एका वाचकाने पाठवलेला घरगुती उपाय छापून आला आहे. विष्ठेवर लाल तिखट भुरभुरावे आणि तरीही कुत्रा ऐकत नसेल, तर त्याचे नाक त्यात घासावे, असा तो उपाय आहे. पशुवैद्यक म्हणून काम करताना या सल्ल्याचे परिणाम वारंवार पाहिले असल्याने हे पत्र लिहीत आहे.

हा विषय लोक सहसा उघडपणे काढत नाहीत. खरूज, गोचीड, ताप यांविषयी भरभरून बोलणारी माणसे दवाखान्यातून निघता निघता, दाराशी घुटमळत, आवाज खाली आणून हे सांगतात. आणि तेही बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘असले घाणेरडे जनावर घरात नको’ असे बजावल्यानंतर. वास्तविक कुत्र्याच्या दृष्टीने यात विकृत असे काही नाही. व्यालेली कुत्री पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लांना चाटून त्यांची शी-शू स्वतः खाऊन टाकते, म्हणूनच तिची जागा स्वच्छ राहते. मोठ्या कुत्र्यांविषयी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे १६ टक्के कुत्रे ही गोष्ट वारंवार करणारे आढळले, आणि ते खात असलेली विष्ठा बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतली होती. लांडग्यांच्या काळात गुहेजवळ पडलेल्या विष्ठेतील जंतांची अंडी संसर्गक्षम होण्याआधीच ती खाऊन टाकण्याची ही सवय असावी, असा त्यांचा तर्क आहे. तर्क सिद्ध झालेला नाही. परंतु वय, नेहमीचा आहार किंवा शी-शूची शिस्त यांच्याशी या सवयीचा संबंध त्यांना दिसला नाही, हे ‘खायला कमी पडते म्हणून खातो’ असे ठामपणे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. संबंध दिसला तो अधाशीपणाशी आणि घरात एकापेक्षा अधिक कुत्रे असण्याशी.

त्याच पाहणीत, अन्नात मिसळून विष्ठा बेचव करण्याचा दावा करणाऱ्या विकतच्या पावडरी व गोळ्यांविषयीही मालकांना विचारले होते. त्यांचे यश शून्य ते दोन टक्के निघाले. आपल्याकडे दुकानांत मिळणारी अशी औषधे बरीच महाग असतात, म्हणून हा आकडा मुद्दाम देत आहे. तिखटाची गत याहून वेगळी नाही. त्याने नाकाची व डोळ्यांची आग होते, आणि बरेच कुत्रे तिखट नसलेला भाग शोधून काढतात. शिवाय तिखट टाकायला वाकायचेच असेल, तर त्याच वाकण्यात शी उचलता येते.

नाक घासण्याने मात्र नुकसानच होते. मालक जवळ आला की मार बसतो एवढेच कुत्र्याला कळते, आणि मग तो आपल्याला येताना पाहताच अधिक घाईने गिळू लागतो किंवा सोफ्यामागे लपून शी करू लागतो. दिवसभर बाल्कनीत एकटी ठेवलेली पिल्ले मी पाहिली आहेत. अंथरलेल्या वर्तमानपत्राखेरीज (त्यात आपल्या दैनिकाचे अंकही असतीलच) तिथे खेळायला काही नसते, आणि शी तिथेच पडून असते. अशा पिल्लाला शिक्षेची नव्हे, सोबतीची आणि वेळच्या वेळी झालेल्या सफाईची गरज असते. बरीच पिल्ले वर्षाची होईतो ही खोड आपोआप सोडतात.

मोठ्या कुत्र्याने अचानक असे सुरू केले, तर मात्र आधी तपासणी करावी. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल आणि शी फिकट, तेलकट व प्रमाणाबाहेर होत असेल, तर स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे येत नसल्याची शक्यता असते; जंत, मधुमेह किंवा चालू असलेली स्टेरॉइडची औषधेही भूक वाढवतात. शीची तपासणी करून घ्यावी आणि जंताचे औषध वेळेवर द्यावे. दुसऱ्या कुत्र्याची शी खाण्यातून पार्वो (कुत्र्यांना जुलाब-उलट्या करणारा विषाणू) व जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) यांचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे ‘ताजी असेल तर चालते’ असा अर्थ वरील तर्कातून कोणी काढू नये. अशा कुत्र्याला लहान मुलांचे तोंड चाटू देऊ नये.

उपाय म्हणाल तर शी पडताक्षणी उचलणे हाच खात्रीचा. ‘सोड’ म्हटल्यावर सोडायला शिकवणे चांगलेच. पण त्या पाहणीत नुसत्या शिकवण्याचेही यश फार थोडे दिसले, तेव्हा त्यावर विसंबू नये. फिरायला नेताना दोरी आखूड धरावी. शी झाल्यावर कुत्रा वास घ्यायला मागे वळतो, नेमक्या त्या क्षणी त्याला हाक मारून आपल्याकडे घ्यावे, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा, आणि तो खात असतानाच शी उचलावी. काही दिवसांत तो शी होताच स्वतःहून मालकाकडे पाहू लागतो. घरात मांजर असल्यास तिची रेतीची पेटी कुत्रा पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी.

यात शेजाऱ्यांचाही वाटा आहे. सोसायटीच्या आवारात एकाने न उचललेली शी दुसऱ्याच्या कुत्र्याच्या तोंडात जाते. उद्यानांच्या फाटकाशी सूचनांच्या पाट्या भरपूर दिसतात, पण उचललेली शी टाकायला डबा क्वचितच सापडतो; स्थानिक स्वराज्य संस्थांनी एवढी सोय तरी करावी.

आपण ती टीप मागे घेतल्याचे पुढील रविवारी त्याच जागी छापावे, आणि जनावरांविषयीचे घरगुती उपाय यापुढे पशुवैद्यकाला दाखवूनच प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक, सातारा