मंदीतही कामगार न काढणाऱ्याला हात द्या : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. ना. ॲड. आकाश फुंडकर,
कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपण खामगावचे. ज्या गावात १८७० साली कापसासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तिथल्या माणसाला जिनिंगचा हंगाम काय असतो हे मी सांगायला नको. दिवाळीच्या आसपास कापसाच्या गाड्या दारात लागतात, मार्चपर्यंत दम घ्यायला फुरसत नसते आणि उन्हं तापली की रेचे, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं, थंडावतात. मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाजवळ जिनिंग-प्रेसिंग आणि सरकीची ऑइल मिल चालवतो. कायम कामगार ३४, हंगामात आणखी पन्नासेक. हे पत्र त्या ३४ जणांसाठी आहे.

धंदा बसला की पहिला सल्ला येतो तो माणसं कमी करण्याचा. सीए तोच देतो, बँकवाले तोच देतात, घरचेही तोच देतात. मी एकदा तो ऐकला. २०२२-२३ च्या हंगामात, आदल्या वर्षी दहा हजारांवर गेलेला भाव पुन्हा येईल या आशेने शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला आणि माझे अर्धे रेचे बंद पडले. मी सहा जणांना घरी पाठवलं. नोटीस दिली, वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे भरपाई दिली, कागदावर सगळं चोख केलं. त्या सहांत आमचा फिटर होता, सतरा वर्षं रेच्यांपाशी काढलेला.

पुढच्या हंगामात त्याच्या जागी नवीन मुलगा घेतला. रेच्याच्या रोलरला चामड्याच्या चकत्या असतात आणि त्यावर खाचा पाडलेल्या असतात. खाचा बुजत आल्या की रुई, म्हणजे सरकीवरचा धागा, नीट ओढली जात नाही. जुना फिटर ते नुसत्या आवाजावरून ओळखायचा. नव्या मुलाने खाचा पाडण्याऐवजी रोलर पट्टीवर जास्त दाबून बसवला. रोलर तापला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे रुईने पेट घेतला. रुईची आग वरून विझल्यासारखी दिसते, आतून धुमसत राहते. दोन दिवस आम्ही ढीग उपसत पाणी मारत होतो. सहा जणांच्या पगारात जे वाचलं होतं, ते त्या एका पहाटेत गेलं. फिटर तोवर सुरतेला निघून गेला होता. त्याच्या बायकोने दारातूनच मला हे सांगितलं, आत या म्हणाली नाही. ते मला आजही लागतं.

म्हणून या वर्षी ठरवलं की खर्च कमी करायचा, माणूस नाही.

वेळ तशीच आली होती. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ झालं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि खुल्या बाजारात त्याखाली भाव, मग शेतकरी हमीभावाने खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्राकडे वळणारच, आणि वळलाच पाहिजे. माझ्या जिनिंगमध्ये त्यांचं केंद्र नाही. जानेवारीत आवक निम्म्यावर आली.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर सगळ्यांना रुईच्या दाबलेल्या गठाणींच्या शेडमध्ये बसवलं आणि हिशेबाची वही उघडली. वीजबिल, बँकेचा हप्ता, गठाणींचा भाव, माझा स्वतःचा पगार, सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग कापसातली कवडी आणि पाला वेचणाऱ्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, चौघाले घरी बसवून बाकीच्याइले पुरा पगार देसान, त्यापरीस साऱ्याइचेच दोन-दोन दिवस कमी करा."

तेच केलं. नऊ आठवडे सहा दिवसांऐवजी चार दिवस काम, माझ्यासकट सगळ्यांना. ज्यांची भरपगारी रजा साचली होती त्यांनी ती आधी वापरली. रोलरच्या खाचा पाडायला बाहेरून माणूस यायचा, ते काम आमच्याच दोघांनी शिकून घेतलं. शेडचे पत्रे, रंग, नाल्या, जे ठेकेदाराला द्यायचो ते आमच्याच माणसांनी केलं आणि त्या दिवसांचा पगार त्यांनाच मिळाला. विजेची मंजूर मागणी, म्हणजे वीज कंपनीकडे राखून ठेवलेला भार, वापरापेक्षा जास्त होती, ती कमी करून घेतली. बंद रेच्यांसाठी मी वर्षानुवर्षं पैसे भरत होतो हे तेव्हा कळलं. हजेरीपटावरचं एकही नाव गेलं नाही.

पण चार दिवसांचा पगार घेऊन जाणाऱ्या घराचं काय होतं, तेही मी पाहिलं. एकाने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी दोन बकऱ्या विकल्या. खर्च माझा कमी झाला, त्याचा भार मात्र कामगारांनी उचलला. इथेच मला सरकार कुठे दिसलं नाही.

मंत्रीमहोदय, सध्याची तरतूद पाहा. कामगाराची नोकरी गेली तर ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून त्याला सरासरी मजुरीच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. मी नवीन माणसं घेतली तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेतून मला माणसामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मिळतात. कारखान्यांना तर चार वर्षं. दोन्ही योजना चांगल्याच आहेत. पण जो कोणाला काढत नाही आणि नवीन घेण्याच्या स्थितीतही नाही, त्याच्यासाठी काय? काम कमी असताना अर्धा पगार देण्याची ले-ऑफची तरतूद आहे, तीही ५० हून कमी कामगारांच्या किंवा हंगामी कारखान्याला लागू नाही. जुन्या कायद्यात नव्हती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही नाही. विदर्भातल्या गावोगावच्या जिनिंग, डाळमिल, राइस मिल, ऑइल मिल बहुतेक याच पंक्तीत बसतात.

माझी पहिली मागणी ही आहे. कारखान्याने कोणालाही न काढता सगळ्यांचे दिवस सारखे कमी केले आणि तशी नोंद कामगार कार्यालयात केली, तर बुडालेल्या दिवसांची निम्मी मजुरी कामगाराच्या खात्यात थेट जमा व्हावी, वर्षातून तीन महिन्यांपर्यंत. नोकरी गेल्यावर जे द्यायचं ते नोकरी जाण्याआधी द्या, एवढंच मागतो आहे. जर्मनीत हे वर्षानुवर्षं चालतं. बुडालेल्या निव्वळ मजुरीच्या ६० टक्के, पदरी मूल असेल तर ६७ टक्के मिळतात. ईएसआयसी केंद्राची आहे हे मला माहीत आहे. पण रोजगार हमीचा कायदासुद्धा आधी महाराष्ट्राने १९७७ साली केला, देशाने तो २००५ मध्ये घेतला. आपण सुरुवात करू शकतो.

दुसरी गोष्ट सावडीची. आपल्याकडे एक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात आणि दोघांचीही पेरणी होते. माझे रेचे थंडावतात त्याच सुमारास तूर आणि हरभरा बाजारात येतो आणि शेजारच्या डाळमिलला माणसं पुरत नाहीत. माझे आठ जण दोन महिने तिथे गेले असते तर त्यांचा पगार पूर्ण राहिला असता. मी एका कार्यालयात विचारायला गेलो. एकाने ठेकेदाराचा परवाना काढा म्हटलं, दुसऱ्याने राजीनामा घेऊन तिकडे नव्याने भरती दाखवा म्हटलं. राजीनामा घेतला की ग्रॅच्युइटीची सलग सेवा तुटते, म्हणून मी तो नाद सोडला. दोन कारखान्यांचा लेखी करार, कामगाराची लेखी संमती, सेवा मूळ कारखान्याकडेच सलग आणि अपघाताची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट. एका पानाचा नमुना आणि एक परिपत्रक काढलं तरी पुरे.

कामगाराच्या हक्कात काटछाट करा असं मी मुळीच म्हणत नाही. शंभर रुपये पगारामागे पीएफचे शुल्कासह १३, ईएसआयसीचे सव्वातीन, बोनसचे किमान ८.३३ आणि ग्रॅच्युइटीचे पाचेक, असे तीसेक रुपये मला वर लागतात. काही उद्योजक ते ओझं समजतात. माझ्या मते ती त्या माणसाच्या म्हातारपणाची पुंजी आहे, तिला हात लावू नये. मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतले कामाचे रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. भर हंगामात तास वाढवायची सोय झाली, तशी मंदीत तास कमी करून माणूस सांभाळायची सोयही त्याच हाताने व्हावी.

त्या नऊ आठवड्यांचं हजेरीबुक, पगारपत्रकं आणि कामगारांच्या सह्यांचा ठराव माझ्याकडे आहे. आपल्या अधिकाऱ्यांना हे सगळं पाहायचं असेल तर ते घेऊन मी खामगावला किंवा मुंबईला, सांगाल तिथे येईन. मावशींनाही सोबत आणीन. त्या यायला तयार आहेत.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक जिनिंगचालक