हरकती विचारात घेतल्या म्हणे!

संपादक महोदय,

रस्त्याकडेचे करंज काढून नवी झाडे लावण्याची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘नागरिकांच्या हरकती विचारात घेण्यात आल्या’ असे पालिकेचे म्हणणे तुम्ही जसेच्या तसे छापले आहे. त्या सुनावणीला मी हजर होतो, म्हणून लिहितो.

हरकत मुदतीत, लेखी दिली होती. पोच जवळ आहे. माझा नंबर आला तेव्हा साहेबांनी अर्ज उघडलासुद्धा नाही. मान वर न करता विचारले, “झाड तुमच्या घरासमोर आहे का?” म्हटले, नाही, पलीकडच्या फुटपाथला आहे. “मग तुम्हाला काय त्रास?” अहो, त्रास झाडाचा नाही, ते तोडण्याचा आहे! “बरं, नोंद घेतली,” म्हणत पुढच्याला हाक. यालाच विचारात घेणे म्हणत असतील तर प्रश्नच मिटला.

झाडे धोकादायक ठरवली आहेत. कुठल्याही खोडात पोकळी दिसत नाही, वाळवी नाही, पालवी भरघोस. धोका असलाच तर बुंध्यापर्यंत ओतलेल्या सिमेंटचा आणि केबलचे चर खणताना छाटलेल्या मुळांचा. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दोन-अडीच फुटांतच असतात, हे उद्यान विभागाला आम्ही सांगायचे? कोपऱ्यावरच्या करंजाला पेव्हर ब्लॉक इतका घट्ट भिडवलाय की साल फुगून त्याच्यावर चढली आहे. त्याची पाहणी कोणी केली?

1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. 50 वर्षांवरचे झाड हेरिटेज, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावायची. म्हणजे सगळे अडते ते वयावर. नोटिशीत मात्र सरसकट सगळ्यांचे वय ‘अंदाजे 30 वर्षे’. एकाच मुहूर्तावर उगवली असावीत! प्रत्यक्षात एकाचा बुंधा सहज कवेत येतो, दुसऱ्याला दोघांचे हात पुरत नाहीत.

आणि बदल्यात काय, तर बॉटल पाम. त्याच्या सावलीला दुपारी रिक्षा सोडा, सायकलही उभी करता येणार नाही.

जाता जाता तुमच्याविषयीही. ही नोटीस तुमच्याच पेपरात निविदांच्या गर्दीत मुंगीएवढ्या अक्षरांत आली होती, भिंग लावून वाचावी लागली. आणि कालच्या बातमीसोबतचा फोटो गुलमोहराचा आहे. तोडायला निघालेत ते करंज.

— एक वाचक