आजीचं काम लिहून काढ, आत्या

मँचेस्टर

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

आजीच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा मजकूर दादाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फोटो फार छान निवडलेत, गणपतीसमोर बसलेला तर अगदी ती बोलेल असा. मजकुरात आजी प्रेमळ होती, सोशिक होती, देवभोळी होती, घरासाठी झिजली, असं लिहिलंय. सगळं खरंच आहे. पण तो मजकूर कुणाच्याही आजीच्या फोटोखाली छापता येईल. ती दिवसभर काय करत होती, हे त्यात कुठेच येत नाही. म्हणून हे पत्र दादाला न लिहिता तुला लिहितेय. तव्यापाशी तिच्या शेजारी बसलेली आता तू एकटीच उरली आहेस.

आपल्या घरातल्या नव्या पोरांना आजी खानावळ चालवायची एवढंच ठाऊक आहे. खानावळ म्हटलं की त्यांना बाकडी, पाटी, गल्ल्यावर बसलेला मालक असं काहीतरी दिसतं. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची एकच खोली, त्यात आपलं सगळं कुटुंब, आणि त्याच खोलीत अठरा गड्यांचं दोन वेळचं जेवण, हे त्यांना सांगितल्याशिवाय कळायचं नाही. गडी सगळे आपल्याच तालुक्यातले, संगमेश्वर-देवरुखकडचे. बायका-पोरं गावी, शेतीवर, आणि हे इथे गावकीच्या खोलीत वळकट्या टाकून राहणारे. खोलीत झोपायची सोय व्हायची, चूल कुठून असणार! गिरणगावात असे हजारो गडी होते, आणि त्यांना जेवू घालणाऱ्या आजीसारख्या बायाही घरोघरी होत्या. गिरण्या त्यांच्यावर चालत होत्या, असं मी म्हटलं तर दादाला अतिशयोक्ती वाटेल. तू त्याला समजावून सांग. सकाळी सातच्या पाळीला माणूस उभा राहायचा तो कुणीतरी चारला उठून भाकरी थापली म्हणूनच.

तूच मला एकदा हिशेब करून दाखवला होतास. अठरा गडी, दोन वेळा, माणशी तीन भाकऱ्या धरल्या तरी दिवसाला शंभरावर. त्यात घरच्यांच्या वेगळ्या. पहिल्या पाळीचे सातच्या आत डबा घेऊन जाणार, दुपारपाळीचे साडेतीनच्या आधी जेवून निघणार, रात्रपाळीचे बाराच्या भोंग्याआधी. म्हणजे स्टो विझायचा कधी? रॉकेलची टंचाई असेल तेव्हा रांगेत कोण उभं राहायचं? नळाला पाणी पहाटे यायचं, ते भरायचं कोण? हे सगळं तुला माहीत आहे आणि ते कुठेच लिहिलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त अचंबा वाटतो तो तिच्या डोक्यात राहणाऱ्या यादीचा. कोण माळकरी, त्याची आमटी बोंबलाच्या चमच्याने ढवळायची नाही. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार. कोणाला आंबट सोसत नाही. कोण गावी गेला, किती दिवसांचा खाडा, त्याचे पैसे किती कापायचे. अक्षर ओळखीचं नव्हतं तरी पेरांवर मोजून ती महिन्याचा हिशेब सांगायची आणि तू तो वहीत उतरवायचीस. पगाराच्या दिवशी पैसे यायचे, त्यातून आधी वाण्याचं देणं, मग रेशन, मग सावकार. हातात राहायचं ते फारच थोडं. शिमग्याला आणि गौरी-गणपतीला गडी कोकणात निघून गेले की खानावळ ओस, पण वाण्याची उधारी तशीच. सणासुदीलाच तिची सगळ्यात जास्त ओढाताण व्हायची, हे मला फार उशिरा, मी स्वतः कमावायला लागल्यावर उमगलं.

आणि हे नुसतं जेवणापुरतं नव्हतं. गावाहून नवं पोरगं हातात चिठ्ठी घेऊन उतरलं की पहिल्या रात्री ते आपल्याच गॅलरीत झोपायचं. गड्यांचे पैसे आजीच्या ट्रंकेत राहायचे, दारूच्या गुत्त्यापासून वाचावेत म्हणून काही जण स्वतःच तिच्याकडे ठेवायला द्यायचे. मनीऑर्डर वेळेवर गेली का, हे ती विचारायची, आणि नसेल गेली तर जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारायची. कुणी आजारी पडून केईएममध्ये असेल तर त्याचा डबा रोज तिथे जायचा, पगार बंद असला तरी. या कामाला आपल्या घरात कुणी समाजकार्य म्हणत नाही. मी म्हणते, आणि पुस्तिकेत तो शब्द यावा असं मला मनापासून वाटतं.

दादाला सांग, १९७२ सालही त्यात यायला हवं. दुष्काळ, धान्य मिळेना, तेल मिळेना. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया महागाईविरुद्ध एकत्र आल्या आणि मुंबईत लाटण्यांचे मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. आजी भाकरी हातावर थापणारी, तिच्या घरात लाटणं एकच, कधीमधी चपातीला लागणारं. तेच पदराखाली घेऊन ती चाळीतल्या बायांबरोबर गेली. संध्याकाळचं जेवण मात्र वेळेवर झालं, कारण दुपारचा तवा त्या दिवशी तू सांभाळलास. तेव्हा तू किती लहान होतीस!

मग १९७४ चा गिरणी कामगारांचा संप, ४२ दिवसांचा. पगार थांबले म्हणजे खानावळीचे पैसेही थांबले. तरी गिरणगावातल्या बायांनी गड्यांना जेवू घातलं. उधारीवर, भांडी गहाण टाकून, मंगळसूत्रातले मणी मोडून. संप मिटल्यावर गडी कामावर गेले आणि बायांच्या डोक्यावर कर्ज राहिलं. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्येच झालं होतं, गोरगरिबांना कर्ज द्यायचं असं धोरणही होतं. पण आजीला बँकेच्या दारात कोण उभं करणार? नावावर खोली नाही, दागिना सावकाराकडे, सही येत नाही. मंडळाने बायांचे गट केले, एकीसाठी दुसरी जामीन राहिली आणि बँक ऑफ बडोदाकडून कर्जं मिळवून दिली. प्रेमाताईंना पुढे २००२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आजी कशी घरभर सांगत सुटली होती, आठवतं? जणू घरातल्याच कुणाला मिळाली.

बँकेच्या कागदासाठी ती सही शिकली. तू पाटीवर गिरवून घेतलीस तिच्याकडून, रात्रपाळीचे जेवून गेल्यावर. सावकार सुटला तो त्या सहीने. पुस्तिकेत तिची ती सही छापता येईल का? तुझ्या ट्रंकेत जुनं पासबुक असेल तर त्यावर सापडेल.

१९८२ च्या संपाबद्दल मी जास्त लिहीत नाही, तुला त्रास होतो हे मला ठाऊक आहे. १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि तो संप मिटल्याचं कुणी जाहीर करावं अशी वेळच आली नाही. गडी एकेक करून गावी गेले. अठराचे सहा झाले. आजीने मग ऑफिसांचे डबे धरले आणि घर चालवलं, कारण आजोबांना त्यानंतर धड काम मिळालंच नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली. म्हाडाच्या सोडतीसाठी आपण आजोबांच्या नावाने अर्ज भरला. त्या अर्जात आजी होती ती वारस म्हणून. कामगाराची बायको, एवढंच. शेकडो कामगारांना तिने आयुष्यभर जेवू घातलं होतं, पण गिरणीच्या हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं, आणि खानावळवाल्या बाईसाठी कुठल्याच कागदावर रकाना नव्हता. सरकारने लिहिलं नाही ते नाही. निदान आपल्या घरच्या पुस्तिकेत तरी ती नुसती सोशिक आणि प्रेमळ म्हणून यायला नको.

इथे मँचेस्टरजवळ स्टायल नावाच्या गावी १७८४ ची एक कापडगिरणी आहे, क्वारी बँक मिल. आता तिचं संग्रहालय केलंय. मुलांना घेऊन गेले होते. लोकांना दाखवायला तिथे अजून माग चालवतात. तो खडखडाट ऐकला आणि आजोबा एवढ्या मोठ्याने का बोलायचे ते मुलांना सांगितलं. इथूनच जवळ ओल्डहॅमला प्लॅट ब्रदर्स ही कंपनी गिरण्यांची यंत्रं बनवायची, ती पार मुंबईपर्यंत जायची. पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या गिरणीत अनाथ आणि गरीब मुलं कामाला ठेवायचे, आणि ती राहायची ते घरही त्यांनी तसंच जपलंय. तिथलं स्वयंपाकघर दाखवतात. काय शिजायचं, किती जणांचं शिजायचं, कोण वाढायचं, हे सगळं सांगतात. दोनशे वर्षांपूर्वीचं! मी तिथे उभी राहून तुझाच विचार करत होते. लालबागचं आपलं स्वयंपाकघर पाहिलेलं माणूस अजून आहे, त्याला सगळं लख्ख आठवतंय, आणि आपण त्याला कुणी विचारत नाही.

आता जे लिहिणार आहे ते रागावू नकोस. आजीबद्दल लिहिताना तुझी शाळा लिहायला हवी. सातवीला वर्गात दुसरी आली होतीस तू, आणि त्यानंतर गेली नाहीस. दिवसाला शंभर भाकऱ्या एका बाईच्या हातून होत नाहीत म्हणून. बाबा शिकले, काका शिकले, त्यांच्या फिया खानावळीतून गेल्या. मी आज इथे आहे तीही त्याच पैशाच्या पुढच्या पिढीची. आजीने तुझ्यावर अन्याय केला असं मी म्हणत नाही, आणि काहीच झालं नाही असंही म्हणणार नाही. तिला दुसरा मार्ग दिसला नसेल. शेवटच्या आजारपणात तिने तुझा हात धरून तेच सांगितलं होतं, तू मला फोनवर सांगितलंस. ते छापायचं की नाही हे तूच ठरव, त्यात मी पडणार नाही. पण खानावळ दोघींची होती, हे मात्र छापलंच पाहिजे. तुझं नाव आजीच्या नावाशेजारी यायला हवं, ‘मुलगी’ म्हणून खाली यादीत नको. मी दादाला तसं लिहिलंय आणि त्याला ते पटलंय.

म्हणून माझी विनंती अशी. दुपारची झोप झाली की धाकट्याला शेजारी बसव आणि फोनवर तुझं बोलणं रेकॉर्ड करू दे. रोज थोडंच. आपल्या संगमेश्वरी बोलीतच बोल, शुद्ध करत बसू नकोस, लिहिताना आम्ही बघू. चारला उठल्यापासून सुरू कर. पीठ कुठून आणायचात, किती लागायचं, गिरणीवर दळायला डोक्यावरून कोण न्यायचं. पंगती किती, कोण आधी बसायचं, तुम्ही दोघी कधी जेवायचात, काय उरलेलं असायचं. कोणी पैसे बुडवले आणि कोणी वीस वर्षांनी आणून दिले. चाळीत आणखी कोणाकोणाच्या खानावळी होत्या, त्या बायांची गावं कुठली, त्यांचं पुढे काय झालं. त्यांच्यातल्या कुणी हयात असतील तर धाकट्याला घेऊन त्यांनाही भेट, गाडीचं भाडं मी पाठवते. आजीशी भांडलेल्या बाया असतील तर त्यांना तर नक्की भेट, त्यांना जास्त आठवत असेल.

वही सापडली तर पानं सुटी करू नकोस, तशीच ठेव. फक्त प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवायला सांग. पुस्तिका छापायला जाण्याआधी सगळा मजकूर तुला मोठ्याने वाचून दाखवायचा, असं दादाकडून कबूल करून घेतलंय. जिथे खोटं वाटेल तिथे त्याला थांबव.

वर्षश्राद्धाला मी येते आहे, तिकीट काढलंय. आधी मुंबईला बाबांकडे, मग थेट देवरुखला तुझ्याकडे. गुडघ्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर घेत जा आणि विहिरीवर एकटी जाऊ नकोस. मुलं तुला नमस्कार सांगतात. काकांना आणि वाडीतल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझी भाची