फोर्ड गावची चित्रांची शाळा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोटोतली ती शाळा कोणाची आणि आतली चित्रं इतकी वर्षं टिकली कशी, असं तुम्ही विचारलंत. सविस्तर लिहिते.

शाळा इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलँडमधल्या फोर्डची. गाव जहागिरीतलं. १८५९ साली नवरा घोडेस्वारीतल्या अपघातात गेल्यावर लुईझा, म्हणजे लेडी वॉटरफर्ड, फोर्डच्या किल्ल्यात राहायला आली. तिने गावाची नव्याने उभारणी केली, १८६० मध्ये ही शाळा बांधली आणि पुढे १८८३ पर्यंत तिच्या भिंतींसाठी बायबलमधले प्रसंग रंगवले. आई, गंमत म्हणजे त्यातले चेहरे गावातल्याच माणसांचे आणि शाळेतल्या मुलांचे आहेत. पाटीवरून मान वर केली की समोर शेजारीपाजारी! १९५७ पर्यंत इथे वर्ग भरत होते.

लुईझाची खरी हुशारी मला पुढच्या गोष्टीत दिसते. तिने गिलाव्यावर रंगवलंच नाही. लंडनच्या संसदभवनात ओल्या चुन्यावर काढलेली चित्रं तिच्या डोळ्यांदेखत, काही वर्षांतच, पापुद्रे सुटून खराब होत होती. हिने जलरंग कागदावर वापरले, कागद कॅनव्हासवर चिकटवून लाकडी चौकटींवर ताणला आणि त्या चौकटी भिंतीवर बसवल्या. त्यामुळे दगडातली ओल थेट रंगाला भिडत नाही.

तरी जलरंग नाजूकच. उजेडाने ते कायमचे उडतात, म्हणून संग्रहालयांत अशा चित्रांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच प्रकाश ठेवतात. हवेतला दमटपणा फार वेळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला की कागद फुगतो, सरसाला बुरशी धरते. म्हणजे चित्रांचा पहिला राखणदार छप्परच. अशा जुन्या इमारतींत बिडाच्या पन्हळी पानगळीत तुंबतात. उभा पाइप गंजतो तो भिंतीकडच्या बाजूने, कारण तिथे रंगाचा ब्रश पोचत नाही. पुढून पाइप धडधाकट दिसतो आणि मागून पाणी भिंतीत मुरत राहतं. तपासायचं असेल तर भर पावसात जाऊन पाहावं, किंवा पाइपामागे छोटा आरसा धरावा.

दुसरा शत्रू सिमेंट. या काळच्या दगडी भिंती भरीव, सांधे चुन्याचे. आत आलेली ओल सांध्यांतून बाहेर सुकते. सांधे सिमेंटने बुजवले की ती दगडातून वाट काढते. क्षार दगडात साठतात, थंडीत पाणी गोठून फुगतं आणि दगडाचा चेहराच सुटून पडतो. सांधा मात्र शाबूत! म्हणून सैल चुना हाताने, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट आणि किमान २५ मिमी खोल, खरवडून काढतात. यंत्राची चकती लावत नाहीत, दगडाच्या कडा जातात. मग धूळ झाडून सांधा ओला करायचा, एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग चरचरीत वाळू दाबून भरायची आणि काही दिवस ओलं गोणपाट टांगायचं. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम हातात घेत नाहीत.

आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण क्षारांची आहेच. तेव्हा वाड्याच्या मागच्या भिंतीला गवंडी सिमेंटचा गिलावा करतो म्हणाला, तर त्याला थांबवा. आधी वरची पन्हळ बदलून घ्या, भिंत एक उन्हाळा सुकू द्या, मग चुना आणि सुरखीने, म्हणजे विटांच्या भुकटीने, सांधे भरा.

तुमची,
मनू