भाऊ, शर्ट काढा म्हणणाऱ्या सिस्टरना मनापासून थँक्यू

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद, हे तिकडच्या सगळ्यांना माहितीये. आमची मुलगी नेमकी तेव्हाच, वेळेआधी झाली, वजन 1 किलो 700 ग्रॅम, हातपाय गार, पावसाने लाईट गेलेली, बायको तापाने फणफणलेली आणि बाळाला पुढे न्यायला गाडी येणार कुठून!

ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, शर्ट काढा." बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट ठेवून माझ्या छातीवर उभं धरलं, मान एका बाजूला वळवली आणि वरून स्वतःची शाल घट्ट गुंडाळली. रात्रभर येऊन तळपायाला हात लावून बघायच्या. वाटीतलं आईचं दूध चमच्याने पाजताना माझा हात थरथरायचा तर त्यांनी खालून आपला हात धरला, घाई नाही करायची, गिळू द्या म्हणाल्या. पहाटे पाय कोमट लागले तेव्हा मी रडलोच.

हे सगळं नवजात बाळांच्या ट्रेनिंगमध्ये शिकले म्हणाल्या. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना असंच शिकवून बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय ते.

सिस्टर, तुमचे आणि तुम्हाला शिकवणाऱ्यांचे खूप खूप आभार. असं ट्रेनिंग आतल्या प्रत्येक दवाखान्यातल्या नर्सला मिळायलाच हवं.